पंचवीस लाखांत मोठी आरामदायी सेडान: आधी पार्किंग मोजा, मग गाडी बघा

सगळ्यांना एसयूव्ही हवी आहे, आणि त्याचा फायदा ज्यांना ती नको आहे त्यांना होतो. पाच-सात वर्षांपूर्वी पन्नास-साठ लाखांना ऑन-रोड पडलेली मोठी सेडान आज साधारण पंचवीस लाखांच्या आसपास मिळते, कारण तिला गिऱ्हाईक कमी. पण स्वस्त झाली ती गाडी. तिचे सुटे भाग, टायर आणि गिअरबॉक्स अजून पन्नास-साठ लाखांच्याच गाडीचे आहेत. हे लक्षात ठेवून निवडली तर ठाणे आणि नवी मुंबईत यापेक्षा आरामदायी वाहन या पैशांत सापडणार नाही.

आराम म्हणजे काय, ते आधी नीट ठरवायला हवं. परदेशी परीक्षणांत आराम तपासतात तो ताशी १२० किलोमीटरवर. आपला आराम घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यात, ताशी पंधराच्या वेगात, सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांत आणि मेट्रोच्या कामामुळे वळवलेल्या लेनमध्ये ठरतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तो काँक्रीटच्या सांध्यांवरच्या थडथडीत ठरतो. नवी मुंबईतल्या गुळगुळीत पाम बीच रस्त्यावर कुठलीही गाडी छानच वाटते, म्हणून विकणारा तिकडेच घेऊन जायला बघतो. टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही निवडा, आणि निम्मा वेळ मागच्या सीटवर बसा.

पहिलं काम मात्र सोसायटीत, मोजपट्टी घेऊन. ठाण्यातल्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या उचलून ठेवणारं यंत्र) असेल तर त्याच्या खांबावर एक पाटी असते: कमाल लांबी, रुंदी, उंची, वजन. बऱ्याच स्टॅकवर लांबीची मर्यादा ५००० मिमीच्या आसपास असते. आता आकडे बघा. टोयोटा कॅमरी (२०१९ची पिढी) ४८८५ मिमी. स्कोडा सुपर्ब ४८६० च्या आसपास. बीएमडब्ल्यू ५ सिरीज (२०१७ पासूनची जी३० पिढी) ४९३६. व्होल्वो एस९० ४९६३. आणि २०१७ पासून आपल्याकडे मिळणारी लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) मर्सिडीज ई-क्लास ५०६३ मिमी. म्हणजे सगळ्यांत आरामदायी मागची सीट असलेली गाडी नेमकी पॅलेटच्या (गाडी उभी राहते त्या लोखंडी पाटाच्या) बाहेर डोकावते. सेन्सर तिला वर उचलूच देत नाही, किंवा वॉचमन ‘चालतंय साहेब’ म्हणतो आणि एक दिवस बंपर जातो. उंचीची अडचण सेडानला सहसा येत नाही. खालच्या पॅलेटची उंची कमी असली की एसयूव्ही अडकते, सेडान निवांत जाते. रुंदीकडेही बघा: पॅलेटच्या दोन्ही कडांना लोखंडी कठडे असतात आणि १८ इंची अलॉयच्या कडा त्यावरच घासतात.

पोडियमचा (टॉवरच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यांचा) रॅम्प ही दुसरी तपासणी. गाडी जितकी लांब, तितका रॅम्पच्या माथ्यावर तिचं पोट टेकण्याचा धोका जास्त. लांब ई-क्लासचा व्हीलबेस ३०७९ मिमी आहे, नेहमीच्या ई-क्लासपेक्षा तब्बल १४० मिमी अधिक. गाडीत चार माणसं बसवा, पेट्रोल भरलेलं असू द्या आणि सौदा करण्याआधी गाडी आपल्या सोसायटीच्या रॅम्पवरून एकदा वर-खाली न्या. विकणारा याला नाही म्हणाला, तर त्यालाही काही कारण असेल.

आता गाड्यांकडे वळू. सगळ्यांवर सारखं लिहिण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या सारख्या लायकीच्या नाहीत.

कॅमरी हायब्रिड माझ्या मते इथल्या बहुतेक घरांसाठी पहिली निवड. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या पिढीत २.५ लिटर पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून २१८ पीएस ताकद देतात. पण महत्त्वाची गोष्ट ताकद नाही, गिअरबॉक्स आहे. तिला ई-सीव्हीटी म्हणतात, तरी तिच्यात नेहमीच्या सीव्हीटीसारखा पट्टा नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि क्लचपॅकही नाही. प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर, बस्स. ट्रॅफिकमध्ये सगळ्यात आधी झिजणारे भाग या गाडीत नाहीतच. घोडबंदरच्या रांगेत ती बराच वेळ बॅटरीवर सरकते, इंजिन बंद आणि एसी चालू, कारण एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. मागच्या सीटची पाठ बटणाने झुकते, आर्मरेस्टमध्ये एसी आणि पडद्याची बटणं आहेत. वयस्क माणसांना एकच त्रास: सीट खाली आहे, उठताना गुडघ्यांवर जोर येतो. हा त्रास या लेखातल्या सगळ्याच गाड्यांना आहे, त्यामुळे आई-वडिलांना नेऊन बसवून बघा, फोनवर विचारू नका.

कॅमरीत बिघडतं काय? हायब्रिड बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची, मागच्या सीटखाली असते आणि गाडीच्या आतल्या हवेने थंड होते. त्या हवेची जाळी सीटच्या पायथ्याशी आहे. तिथे पिशव्या, चपला, कुत्र्याचे केस किंवा गादीसारखं सीट कव्हर आलं की पंखा धूळ ओढतो, बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं. जाळीचा फिल्टर दर सर्व्हिसला साफ करायचा असतो, बहुतेक जण तो विसरतात. घेताना डीलरकडून हायब्रिड हेल्थ चेक करून प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज बघा. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सतत मागे पडत असेल, तर ती गाडी सोडा किंवा बॅटरीचे पैसे किमतीतून कापा. टोयोटाने ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या हायब्रिडना बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी केली, त्याआधी ती ३ वर्षं किंवा १ लाख किमी होती. म्हणजे २०२० ची आणि २०२२ ची कॅमरी दिसायला एकच, पण जोखमीत दोन वेगळ्या गाड्या आहेत. दीड-दोन लाखांचा फरक असेल तर नंतरची घ्या.

सुपर्बबद्दल इंटरनेटवर प्रेम फार आणि गिअरबॉक्सबद्दल माहिती कमी. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या पिढीत तीन वेगळे ऑटोमॅटिक प्रकार आहेत, आणि सगळ्यांना सरसकट ‘डीएसजी’ (दोन क्लचची ऑटोमॅटिक) म्हणून मोकळं होणं हीच पहिली चूक. १.८ टीएसआय (पेट्रोल) ऑटोमॅटिकला सात गिअरची कोरड्या क्लचची डीक्यू२०० पेटी, म्हणजे गिअरबॉक्स आहे. तिची टॉर्क (ओढण्याचा जोर) सोसण्याची सहनशक्ती २५० एनएम, म्हणून तेच इंजिन मॅन्युअलमध्ये ३२० एनएम देतं आणि ऑटोमॅटिकमध्ये २५० वर बांधलेलं आहे. कोरडा क्लच म्हणजे थंड करायला तेल नाही. रांगेत इंच-इंच सरकताना तो अर्धवट घसरत राहतो, तापतो, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते. मेकॅट्रॉनिक युनिटमधला (पेटीचे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या भागातला) दाबाचा अॅक्युम्युलेटर फुटला की डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह चमकतं आणि गाडी जागेवर. घोडबंदरवर रोज दोन तास काढणाऱ्याने ही पेटी घेऊ नये, मग गाडी कितीही चकचकीत असो. २.० टीडीआयला (डिझेल) सहा गिअरची ओल्या क्लचची डीक्यू२५० आहे. तिचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलल्याची पावती असेल तर निर्धास्त राहा. आणि २०२० नंतरची बीएस६ सुपर्ब फक्त २.० टीएसआय, १९० पीएस, तिचीही सात गिअरची पेटी ओल्या क्लचची. तीच घ्यावी. लिफ्टबॅक दार आणि ६२५ लिटरची डिकी या सगळ्या यादीत कुणाकडे नाही. पुण्याला चार माणसांच्या बॅगा घेऊन जाणाऱ्यांना याची किंमत कळते.

सुपर्बची थरथर तपासायची सोपी रीत: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पोडियमच्या रॅम्पवर थांबा, ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून रिव्हर्समध्ये वर चढवा. क्लच गेलेला असेल तर गाडी बकरीसारखी उड्या मारते. सपाट रस्त्यावर हे सहज कळत नाही.

लांब ई-क्लास ही ड्रायव्हर ठेवणाऱ्यांची गाडी. मागची सीट ३७ अंशांपर्यंत झुकते, आणि ई २२० डी मधलं १९४ पीएसचं ओएम६५४ डिझेल इंजिन शांत आणि काटक आहे. चाकणला जोडली जाते, त्यामुळे सुटे भाग मिळतात, फक्त बिल बघताना पाणी प्यावं लागतं. एलईडी हेडलॅम्पचं एक युनिट लाखाच्या घरात जातं. डिकी उघडून बघा: स्पेअर व्हील तिथे ठेवलेलं असेल तर एअरपोर्टच्या दोन मोठ्या बॅगा बसत नाहीत. नऊ गिअरच्या पेटीचं तेल साधारण सव्वा लाख किमीला बदलायचं असतं. त्या आसपासची गाडी स्वस्त मिळत असेल, तर विकणारा बहुधा त्याच खर्चाच्या आधी बाहेर पडतो आहे.

५ सिरीज स्वतः चालवणाऱ्यांसाठी. आठ गिअरची झेडएफ पेटी या वर्गात सगळ्यांत भरवशाची, पण बीएमडब्ल्यूच्या ‘लाइफटाइम ऑइल’वर विश्वास ठेवू नका. पेटी बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमीच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच असतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो. वर सहा-सात लिटर तेल, आणि पातळी तपासताना इंजिन चालू व तेल ठरावीक तापमानात हवं. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने थंड गाडीत अंदाजे ओतलेलं तेल ही बिघाडाची सुरुवात असते. जुनी एफ१० पिढी स्वस्त दिसते, पण तिच्या सुरुवातीच्या ५२०डी मधलं एन४७ इंजिन टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, त्यामुळे ती बदलायची म्हणजे इंजिन किंवा पेटी उतरवणं आलंच. सकाळच्या पहिल्या स्टार्टला मागून खडखड आली तर नमस्कार करून निघा. २०१७ पासूनच्या जी३० पिढीच्या ५२०डी मध्ये बी४७ इंजिन आहे, तीच बघा. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर मात्र आपल्या खड्ड्यांत कडक लागतात, बाजूची भिंत फुगली की टायर फेकायचाच. काही जण साधे टायर घालून डिकीत स्पेअर ठेवतात. आराम वाढतो, डिकी घटते. विमा कंपनीला मात्र कळवून ठेवा.

ऑडी ए६ मध्ये एकच सूचना: २०१५ च्या फेसलिफ्टआधीच्या २.० टीडीआयला मल्टिट्रॉनिक सीव्हीटी आहे, ती टाळा. नंतरच्या ३५ टीडीआयला ड्युअल क्लच आहे, ती ठीक. व्होल्वो एस९० च्या सीट्स या यादीत सर्वांत चांगल्या, पाठदुखीवाल्यांनी ती बघावीच, पण तिच्या मागच्या एअर सस्पेन्शनचा हिशेब धरून. एअर सस्पेन्शन तपासायला काही उपकरण लागत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा आणि सकाळी स्टार्ट करण्याआधी परत मोजा. एक कोपरा बसला असेल तर हवेची पिशवी गळते आहे. गळती तशीच राहिली की कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो, मग एका पिशवीच्या जागी दोन बिलं येतात.

होंडा अकॉर्ड हायब्रिड, ह्युंदाई सोनाटा वगैरे फारच स्वस्तात दिसतात. गाड्या वाईट नाहीत. पण इतक्या कमी विकल्या गेल्या की एका पुढच्या काचेसाठी किंवा हेडलॅम्पसाठी महिना-दोन महिने थांबावं लागू शकतं. दुसरी गाडी दारात असेल तरच हा जुगार खेळा.

डिझेल की पेट्रोल, यावर इथे भावनेला जागा नाही. बीएस६ डिझेलमध्ये काजळी साठवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, न थांबता गाडी चालायला हवी. हिरानंदानी इस्टेट ते वागळे इस्टेट असा रोजचा प्रवास असेल तर हे कधीच होत नाही. जळण अर्धवट राहतं, डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइलची पातळी आपोआप वर चढते. डिपस्टिकवर तेल खुणेच्या वर दिसलं की ‘भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नका, तो इशारा आहे. खारघर किंवा पनवेलहून आठवड्यातून एकदा तरी एक्स्प्रेसवेला जाणाऱ्यांनी डिझेल खुशाल घ्यावं. नाहीतर हायब्रिड किंवा पेट्रोल. पेट्रोल घेताना टाकीच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा: एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या ई१० (१० टक्के इथेनॉल) साठी बनलेल्या आहेत, आणि पंपावर आता ई२० (२० टक्के) आहे. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि हाय-प्रेशर पंपाच्या सील बघून घ्या.

गाडी पक्की करायला सकाळी जा, आणि आधी सांगा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड स्टार्टचा आवाज लपवला आहे. मग स्कॅनर लावा, सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) वाचा, नुसतं इंजिन नाही. त्यातच ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का याची नोंद) बघा: ते अपूर्ण दिसले तर बिघाडाचे कोड बहुधा नुकतेच पुसले आहेत. तासभर चालवून परत स्कॅन करा, जे कोड परत येतात ते खरे. जर्मन गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरबरोबर इतर मॉड्यूलमध्येही असते, त्यामुळे आकडे जुळतात का हे वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या एखाद्या जर्मन गाड्या करणाऱ्या गॅरेजवाल्याला पाहायला सांगा. डीलरची सर्व्हिस हिस्ट्री वेगळी मागवा. आठ वर्षांत २५,००० किमी चाललेली गाडी बघून हुरळू नका. ती दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेली किंवा महिनोन्महिने उभी राहिलेली असू शकते. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे टायर घासलेले नसले तरी कडक झालेले असतात, आणि निम्मा आराम तिथेच जातो.

पाण्यात गेलेली गाडी ओळखणं आपल्याकडे सक्तीचं समजा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीतला गालिचा उचलून तळाशी माती आहे का, हेडलॅम्पच्या आत वाफ आहे का ते बघा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी आणि कंट्रोल युनिटं डिकीच्या तळाशी किंवा सीटखाली असतात. गुडघाभर पाण्यातून इंजिन एकवेळ वाचतं, ही युनिटं संपतात. बिघाड मात्र सहा महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडल्यावर दिसतो. रंगाची जाडी मोजणारं यंत्र स्वस्त मिळतं: कंपनीचा रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन, २०० च्या वर पुन्हा रंगवलेला, आणि ४००-५०० च्या पुढे खाली पुटी आहे.

चालवताना खिडक्या बंद, ऑडिओ बंद. माजिवड्याच्या फ्लायओव्हरचे सांधे ओलांडा, स्पीडब्रेकर तिरका आणि हळू घ्या, एक चाक आधी. पुढून ‘टक’ आला तर कंट्रोल आर्मचे बुश. ते जोडीने बदलावे लागतात आणि नंतर अलाइनमेंट करावी लागते. वेगातला आवाज ऐकायचा असेल तर अटल सेतू उत्तम, ताशी १०० ची मर्यादा आणि सिग्नल नाही. टोलचे पैसे गाडीवाल्याकडून मागू नका, इतपत मोठेपणा दाखवा.

कागदपत्रांत एमएच-०४ (ठाणे), एमएच-४३ (नवी मुंबई), एमएच-४६ (पनवेल) यांचा सौदा सरळ: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर विकण्याचा ठराव आणि सही कुणाची, हे आधी बघा. दिल्लीतून १० वर्षांच्या डिझेल नियमाच्या धास्तीने आलेल्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांना फॉर्म २८ ची (मूळ आरटीओची) एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं जोडलं की स्वस्ताई बरीचशी ओसरते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसली आहे का आणि ई-चलान थकलेत का, हे पैसे देण्याआधीच तपासा.

भाव करताना एक मुद्दा हातात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. आधी १५०० सीसीच्या वरच्या साध्या पेट्रोल-डिझेल सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस होता. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुन्यांचे विक्रेते अजून आधीच्या भावात अडकलेले दिसतात. त्याच कंपनीच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत विचारून जा.

पंचवीस लाखांतली गाडी एकवीसलाच घ्यायची. वरच्या चार लाखांत ट्रान्सफर, झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापणारा) आणि इंजिन प्रोटेक्टसह (पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारा) विमा, चार टायर, पेटीचं तेल, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर पहिल्याच महिन्यात उरकायचे. उरलेले दोन-अडीच लाख एफडीत, गाडीच्या नावाने. इंजिन प्रोटेक्ट टाळून वाचवलेले काही हजार जुलैमधल्या एका सकाळी महागात पडतात. झिरो डेप पाच वर्षांच्या पुढच्या गाड्यांना देताना कंपन्या कुरकुरतात, म्हणून गाडी पक्की करण्याआधीच रजिस्ट्रेशन नंबर देऊन विम्याचं कोटेशन मागवा. कधी कधी दोन सारख्या किमतीच्या गाड्यांतली कुठली घ्यायची, हे त्या एका कागदावरच ठरतं.